असेंबल पीसीसोबत रॅम टेस्टची चिठ्ठी मिळालीच पाहिजे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

रॅमचे, म्हणजे पीसी काम करताना डेटा ज्यात तात्पुरता ठेवतो त्या मेमरीचे, भाव २०२५ च्या शेवटी जे भडकले त्याबद्दल बरंच छापून आलं. एआयच्या डेटा सेंटरांना मेमरी चिप लागतात म्हणून कंपन्या तिकडे वळल्या, मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये आपला क्रूशियल हा घरगुती ग्राहकांचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं, हे सगळं आता लोकांना माहीत आहे. पण त्या भाववाढीमुळे आपल्या नागपुरात काय होऊन राहिलंय त्यावर कुणी लिहिलेलं माझ्या वाचण्यात आलं नाही म्हणून हे पत्र. लोक आता पूर्ण रॅम एकाच वेळी घेत नाहीत, आज एक स्टिक (रॅमची पट्टी), चार महिन्यांनी दुसरी, एखादी जुन्या पीसीतून काढलेली, एखादी ओळखीच्याकडून सेकंड हँड, आणि दुकानातही जे हाती लागेल ते लावून मिळतं. पीसी चालू होतो, विंडोज येतं, गिऱ्हाईक पैसे देऊन घरी जातं, आणि मग आठ-पंधरा दिवसांत तो त्रास सुरू होतो ज्याचं कारण कोणालाच सापडत नाही.

मी मानेवाड्याला राहतो, असेंबलिंग आणि दुरुस्तीचं काम करतो, माल घ्यायला बर्डीला (सीताबर्डीच्या बाजारात) नेहमीच जाणं-येणं असतं, त्यामुळे दोन्ही बाजू रोज बघतो. माझी मागणी एकच आहे. असेंबल केलेला पीसी ज्या स्पीडला विकला त्याच स्पीडला रात्रभर मेमरी टेस्ट लावून मगच गिऱ्हाइकाच्या हातात द्यावा, आणि कोणती रॅम लावली, कोणत्या स्लॉटमध्ये, किती स्पीडला टेस्ट केली, बायोसची (मदरबोर्डमधल्या सॉफ्टवेअरची) व्हर्जन कोणती, एवढं बिलासोबत एका चिठ्ठीवर लिहून द्यावं. यात नवीन यंत्र घ्यायचं नाही, माणूस लावायचा नाही, तरीही हे आपल्याकडे जवळजवळ कुठेच होत नाही.

रॅम खराब असली की पीसी हँग होईल आणि लगेच कळेल असं लोकांना वाटतं. तसं झालं तर उलट नशीबच म्हणायचं. सक्करदऱ्याकडचे एक फोटोग्राफर आहेत, लग्नाचे फोटो कार्डावरून पीसीत घ्यायचे आणि कार्ड फॉरमॅट करून दुसऱ्या दिवशीच्या लग्नाला न्यायचं हा त्यांचा नेहमीचा क्रम. एका लग्नाचे फोटो अल्बमसाठी उघडले तर मधले काही असे की वरचा अर्धा भाग अगदी स्वच्छ, नवरीच्या मुंडावळ्या, कपाळावरचं कुंकू सगळं दिसतंय, आणि तिथून एक आडवी रेघ, त्या रेघेखालचा सगळा फोटो बोटभर बाजूला सरकलेला आणि करडा-गुलाबी झालेला. त्यांनी आधी हार्ड डिस्क बदलली, मग कार्ड रीडर बदलला. माझ्याकडे आणला तेव्हा मी पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट हा रॅम तपासायचा प्रोग्राम लावला तर दोनपैकी एका स्टिकवर एररच्या लाल ओळी सुरू झाल्या, त्या पण ठराविक एकाच पट्ट्यातल्या ॲड्रेसवर, म्हणजे चिपचा तेवढाच तुकडा खराब. पीसी तोवर कधी बंद पडलेला नव्हता. कार्डावरून डिस्कवर जाणारी प्रत्येक फाइल रॅममधून जाते, तिथे लाखो बिटांतला एक बिट उलटला की जेपेग फाइल त्या जागेपासून पुढे बिघडते, आणि विंडोज मात्र कॉपी पूर्ण झाली म्हणून सांगतं. स्टिक वॉरंटीत बदलून मिळाली पण ते फोटो कुठून आणणार, कार्ड तर केव्हाच फॉरमॅट झालं होतं.

म्हणून मी म्हणतो की हा विषय गेम खेळणाऱ्या पोरांपुरता नाही. टॅलीचा डेटा, पीएचडीचा थिसिस, सोसायटीचे हिशोब, सगळं याच रॅममधून जातं-येतं. झिप फाइल उघडताना सीआरसी एरर येणं, एकच इन्स्टॉलर एकदा चालणं आणि एकदा फाइल करप्ट म्हणणं, ब्राउझरचे टॅब आपोआप पडणं, ही सगळी लक्षणं लोक इंटरनेटवर किंवा व्हायरसवर ढकलतात. मोठ्या सर्व्हरमध्येही हे होतं. गूगल आणि टोरांटो विद्यापीठाच्या संशोधकांनी २००९ साली गूगलच्या सर्व्हरांवरचा अभ्यास छापला होता, त्यात वर्षभरात ८ टक्क्यांहून जास्त रॅम स्टिकवर निदान एकदा तरी एरर आली होती. फरक एवढाच की सर्व्हरमध्ये ईसीसी रॅम असते, ती चूक पकडते, दुरुस्त करते आणि नोंद ठेवते. आपल्या घरच्या पीसीत ती सोय बहुतेक नसतेच.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा कारण तो आजकाल काउंटरवर सर्रास सांगितला जातो. डीडीआर५ मध्ये, म्हणजे डीडीआर४ नंतरच्या नव्या पिढीच्या रॅममध्ये, ईसीसी आतच असतं, एरर यायचा प्रश्नच नाही, असं म्हणतात. डीडीआर५ च्या चिपमध्ये ऑन-डाय ईसीसी असतं हे बरोबर आहे, पण ते चिपच्या पोटातल्या एका बिटाची चूक सुधारण्यापुरतं. चिपमधून निघून मदरबोर्डच्या ट्रेसवरून (तांब्याच्या रेघांवरून) प्रोसेसरपर्यंत जाताना जी चूक होते ती त्याला दिसतही नाही, आणि काही सुधारलं तर ते विंडोजला कळवतही नाही. खरी ईसीसी स्टिक वेगळी असते, तिच्यावर जादा चिप असतात आणि प्रोसेसर व मदरबोर्ड दोघांचा सपोर्ट लागतो.

आता एक्सएमपीची गोष्ट. बॉक्सवर ३६०० किंवा ६००० असा मोठा आकडा असतो. गिऱ्हाइकाला वाटतं स्टिक लावली की तेवढा स्पीड मिळणार. स्टिक लावल्यावर ती आधी जेडेकच्या (मेमरीची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या) ठरलेल्या स्पीडला चालते, डीडीआर४ ला १.२ व्होल्टवर २४०० नाहीतर २६६६ वगैरे, डीडीआर५ ला १.१ व्होल्टवर बहुतेक ४८०० नाहीतर ५६००. बॉक्सवरचा आकडा मिळवायला बायोसमध्ये जाऊन प्रोसेसर इंटेलचा असेल तर एक्सएमपी, नव्या एएमडीला एक्स्पो हे प्रोफाइल चालू करावं लागतं आणि तेव्हा व्होल्टेज १.३५ किंवा त्याच्याही वर जातं. हे सरळ सरळ ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळवणं आहे, इंटेल आणि एएमडी दोघेही तसंच म्हणतात. मेमरी कंट्रोलर, म्हणजे रॅमशी देवाणघेवाण करणारा भाग, आता प्रोसेसरच्या आत असतो, आणि तो प्रत्येक नगात थोडा वेगळा निघतो, त्यामुळे तीच रॅम शेजाऱ्याकडे ६००० ला मस्त चालते आणि आपल्याकडे रडते.

यात दोन्हीकडून फसवणूक होते. काही ठिकाणी प्रोफाइल चालूच करून देत नाहीत, गिऱ्हाइकाने ६००० चे पैसे मोजलेले असतात आणि वर्षभर पीसी ४८०० वर चालत असतो, त्याला पत्ताच नसतो. टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक केलं की स्पीड दिसतो, प्रत्येकाने आजच बघावा. (सीपीयू-झेड या माहिती दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये आकडा निम्मा दिसतो, ६००० ला ३००० च्या आसपास, ते बरोबरच आहे, त्याला घाबरायचं कारण नाही.) आणि काही ठिकाणी प्रोफाइल चालू करतात, विंडोज आलं की झालं म्हणून पॅक करून देतात. विंडोज येणं ही काही टेस्ट नाही. त्यात रॅमचा थोडासाच भाग वापरला जातो, बाकीच्या भागाला हातही लागत नाही.

यवतमाळचा एक पोरगा इथे इंजिनिअरिंगला आहे, त्याच्या पीसीचं सांगतो. आधी ८-८ च्या दोन स्टिक, ३६०० च्या, छान चालत होत्या. मग प्रोजेक्टला कमी पडतं म्हणून त्याच ब्रँडच्या, त्याच मॉडेलच्या अजून दोन घेतल्या, दुसऱ्या दुकानातून. लगेच ब्लू स्क्रीन (विंडोज बंद पडून येणारी निळी स्क्रीन) सुरू, कधी मेमरी मॅनेजमेंट, कधी पेज फॉल्ट, कधी आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल, दर वेळेस नाव वेगळं. दुकानात नेला की विंडोज फॉरमॅट मारून द्यायचे, दोन दिवस बरा, पुन्हा तेच. रॅम काढून पायांना खोडरबर घासून परत लावणं पण झालं. खोडरबराने काळवंडलेले कॉन्टॅक्ट साफ होतात हे मान्य, जुन्या पीसीत डिस्प्ले येत नसेल तर मीही करतो, पण नव्या कोऱ्या सोनेरी पायांवर रबर घासून काय होणार, मुलामा तेवढा झिजतो. मी सीपीयू-झेडमध्ये एसपीडी (स्टिकमध्येच साठवलेली तिची माहिती) बघितलं तर स्टिकर चारही स्टिकवर तंतोतंत सारखं आणि आत एका जोडीत सॅमसंगच्या चिप, दुसऱ्या जोडीत हायनिक्सच्या. कंपन्या त्याच नावाखाली आतल्या चिप बदलत असतात. एकेक स्टिक वेगळी टेस्ट केली, सगळ्या पास. जोडी जोडी लावली, पास. चारही लावून ३६०० ला टेस्ट लावली की पहिली फेरी संपायच्या आत लाल. स्पीड २९३३ वर आणला आणि रात्रभर एकही एरर नाही. म्हणजे त्याच्या चारपैकी एकही स्टिक खराब नव्हती, खराब होती ती जुळणी, आणि फॉरमॅट मारून जुळणी कशी सुधारेल?

चार स्टिक लावल्या की मेमरी कंट्रोलरवर लोड वाढतो ही गोष्ट कंपनी स्वतः छापते. एएमडीच्या रायझन ७००० सिरीजला दोन स्टिकला अधिकृत स्पीड ५२०० आहे आणि चार स्टिकला फक्त ३६००. किती घसरतो बघा. तरीही गिऱ्हाइकाला सांगितलं जातं की आता दोन घ्या, पुढे अजून दोन टाकू. डीडीआर५ मध्ये हा सल्ला चुकीचा आहे असं माझं स्पष्ट मत आहे. ३२ जीबी पाहिजे असेल तर १६ च्या दोनचा किट एकाच पॅकमधला घ्यावा, ६४ ची शक्यता दिसत असेल तर आधीच ३२ च्या दोन घ्याव्या, आजच्या भावात हे जड जातं मला माहीत आहे, पण नंतर चारही स्टिक घेऊन ३६०० ला चालवण्यापेक्षा परवडतं. ज्यांना आत्ता एवढे पैसे काढणं शक्यच नाही त्यांनी मिक्स करावं, पण स्पीड उतरवून, टेस्ट करून, आणि दुकानदाराने तसं तोंडावर सांगून.

दोनच स्टिक असतील तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावायच्या असतात, बोर्डावर ए२ आणि बी२ असं छापलेलंही असतं. शेजारी शेजारी रॅम लावलेले पीसी माझ्याकडे आजही येतात, एकाच चॅनलवर, म्हणजे प्रोसेसरकडे जाणाऱ्या दोनपैकी एकाच वाटेवर चालणारे. कधी कधी प्रोसेसरचा कूलर एवढा जाड असतो की दुसऱ्या स्लॉटवर उंच हीटसिंकची रॅम बसतच नाही म्हणून ती सरकवलेली असते. हे पार्ट निवडतानाच बघायचं काम आहे. मदरबोर्ड कंपनीच्या साइटवर प्रत्येक बोर्डाची क्यूव्हीएल असते, म्हणजे कोणती रॅम कोणत्या स्पीडला, किती स्टिकपर्यंत तपासली त्याची यादी. ती यादी परिपूर्ण नसते, यादीत नसलेली रॅमही पुष्कळदा चालते, पण महागडा किट घ्यायच्या आधी दोन मिनिटं काढून बघायला काय हरकत आहे? इंटेलच्या १२व्या ते १४व्या पिढीचे बोर्ड डीडीआर४ चेही येतात आणि डीडीआर५ चेही, दोन्हीला पिना २८८ च पण खाच वेगळ्या जागी, एकाची स्टिक दुसऱ्यात बसत नाही. आणि स्वस्तात मिळते म्हणून सर्व्हरमधून निघालेली रजिस्टर्ड रॅम कोणी देत असेल तर घेऊ नका, डीडीआर४ ची ती स्टिक डेस्कटॉपच्या स्लॉटमध्ये बसते पण पीसी डिस्प्ले देत नाही.

बायोसचं पण सांगायला हवं. एएमडीच्या बी४५० चिपसेटचे बोर्ड २०१८ चे, रायझन ५००० आले २०२० च्या नोव्हेंबरात, जुना स्टॉक बोर्ड आणि नवा प्रोसेसर एकत्र केला आणि बायोस अपडेट केलं नाही तर डिस्प्लेच येणार नाही आणि दोष मात्र रॅमवर जाईल. २४ आणि ४८ जीबीच्या डीडीआर५ स्टिक २०२३ मध्ये बाजारात आल्या, त्यांनाही जुन्या बायोसवर अडचण येते. आणि एप्रिल २०२३ मध्ये तर रायझन ७००० चे काही एक्स३डी प्रोसेसर सॉकेटसकट जळाल्याचं समोर आलं, एक्स्पो चालू केल्यावर काही बोर्ड एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरला मिळणारं) नको तेवढं देत होते, मग एएमडीने बायोसमधून ते १.३ व्होल्टवर रोखलं. दुकानात त्याआधीचं बायोस असलेला बोर्ड पडून असेल आणि तो अपडेट न करता एक्स्पो चालू करून दिला तर तो धोका गिऱ्हाइकाच्या घरी जातो. म्हणून चिठ्ठीवर बायोसची व्हर्जन लिहा असं म्हणतोय. एक मात्र लक्षात ठेवावं, डीडीआर५ च्या पीसीत पहिल्यांदा किंवा बायोस अपडेटनंतर चालू करताना मेमरी ट्रेनिंग होतं, स्क्रीन काही मिनिटं काळीच राहते, त्या वेळी घाबरून स्विच बंद करायचा नाही.

आणि प्रत्येक वेळी रॅमच दोषी असते असंही नाही. इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीच्या मोठ्या प्रोसेसरांचा घोळ २०२४ मध्ये जगभर गाजला. गेममध्ये एरर यायची आउट ऑफ व्हिडिओ मेमरी, लोकांनी ग्राफिक्स कार्ड बदलले, रॅम बदलल्या, आणि शेवटी निघालं की प्रोसेसरलाच जास्त व्होल्टेज जाऊन तो हळूहळू खराब होत होता. इंटेलने ऑगस्ट २०२४ मध्ये मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सॉफ्टवेअरचा अपडेट) दिला आणि त्या प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. कूलर एका बाजूला जास्त आवळला किंवा सॉकेटची एखादी पिन वाकली तरी एका चॅनलची रॅम दिसेनाशी होते. म्हणून टेस्टची पद्धत महत्त्वाची आहे. आधी एक्सएमपी बंद करून टेस्ट. त्यात एरर आली तर एकेक स्टिक एकाच स्लॉटमध्ये घालून बघायची. एरर स्टिकबरोबर फिरली तर स्टिक खराब, स्लॉटबरोबर राहिली तर बोर्ड किंवा प्रोसेसर बघायचा. एक्सएमपी बंद असताना पास आणि चालू केल्यावर फेल, तर ती जुळणीची गोष्ट, स्पीड एक पायरी उतरवा. मेमटेस्ट८६ प्लस फुकट आहे, ओपन सोर्स आहे, मेमटेस्ट८६ ची फुकट आवृत्ती चार फेऱ्या चालते. एरर शून्यच पाहिजे, एकच आली ना मग चालतं असं यात काही नसतं. आणि माझा आग्रह असा की त्यानंतर विंडोजमध्ये ओसीसीटी किंवा टेस्टमेम५ पण लावावं, ग्राफिक्स कार्डवर लोड देऊन, कारण मेमटेस्ट चालताना कार्ड थंड बसलेलं असतं आणि खऱ्या कामात त्याचीच गरम हवा रॅमवर येते.

गरम हवेवरून नागपूरची गोष्ट येतेच. इथे २३ मे २०१३ ला ४७.९ अंश नोंदले गेलेत, ४५ तर आपल्याला पुष्कळ उन्हाळ्यांत बघायला मिळतं. रॅमचा प्रत्येक सेल म्हणजे एक इवलासा कपॅसिटर, त्यातला चार्ज गळत असतो, म्हणून डीडीआर४ मध्ये दर ६४ मिलिसेकंदांच्या आत आणि डीडीआर५ मध्ये ३२ च्या आत तो पुन्हा भरावा लागतो. गरम झाला की गळती वाढते. डीडीआर४ च्या स्टँडर्डमध्येच लिहिलंय की चिप ८५ अंशाच्या वर गेली तर रिफ्रेश दुप्पट वेगाने करायचा. एसीच्या दुकानात जानेवारीत सेट केलेला पीसी मानेवाड्यात नाहीतर जरीपटक्यात वरच्या मजल्यावर, पत्र्याखालच्या खोलीत मे महिन्यात चालतो, खोलीच चाळीसच्या वर असते, कॅबिनेटला समोर काचेचा बंद दरवाजा आणि पंखा एकच मागचा. हिवाळ्यात पास झालेली एक्सएमपी सेटिंग उन्हाळ्यात एरर देते हे मी डोळ्यांनी पाहिलंय. मे २०२४ मध्ये इथल्या एका हवामान केंद्रावर ५६ अंश दिसले आणि देशभर बातमी झाली, मग हवामान खात्याने तपासून सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. त्या आकड्यावर निदान कोणीतरी शंका घेतली आणि तपासलं. पीसीतल्या रॅमने दिलेला चुकीचा आकडा कोण तपासतो? तो टॅलीत जाऊन बसतो.

म्हणून नागपूरसाठी पार्ट निवडताना जाळीच्या समोरचं कॅबिनेट घ्या, निदान दोन पंखे समोर लावा, आणि डेझर्ट कूलरचा झोत थेट पीसीवर येऊ देऊ नका, ओली हवा आणि धूळ एकत्र येऊन स्लॉटमध्ये जो थर बसतो तो ब्रशनेही निघत नाही. लाइटच्या चढउतारासाठी बऱ्यापैकी एसएमपीएस (पॉवर सप्लाय) घ्या, रॅमला शेवटी करंट तिथूनच मिळतो.

मला सगळ्यात वाईट वाटतं ते बाहेरगावच्या लोकांचं. कॉलेज सुरू व्हायच्या वेळेला गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीहून माणसं पोराला घेऊन बर्डीला येतात, वर्षभर साठवलेले पैसे मोजतात, सीपीयूचा खोका एसटीत मांडीवर घेऊन जातात. तिकडे गेल्यावर ब्लू स्क्रीन यायला लागली की परत तोच खोका, तीच एसटी, आणि इथे आल्यावर काउंटरवरचा मुलगा पीसी चालू करून दाखवतो, "काका, चालून तर राहिला ना, काय प्रॉब्लेम आहे तुमचा?" त्या काकांजवळ यावर काय उत्तर असणार. चिठ्ठी असती तर उत्तर असतं, की इथे ६००० ला टेस्ट केलीय म्हणून लिहिलंय, लावा पुन्हा तीच टेस्ट माझ्यासमोर.

कायदाही ग्राहकाच्या बाजूने आहे हे पुष्कळांना माहीत नसतं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा. एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही असं नुसतं छापून टाकल्याने यातून सुटका होत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगाकडे कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार करता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. पण आयोगापुढेही कागद लागतो. बिलावर नुसतं "रॅम १६ जीबी" लिहिलेलं असेल तर कोणती रॅम, किती स्पीडची, कशाशी तुलना करणार? मॉडेल नंबर आणि सिरीयल नंबर बिलावर लिहून घ्या, पुष्कळ ब्रँड रॅमला लाइफटाइम वॉरंटी देतात पण ती त्या नंबरावरच मिळते.

दुकानदारांशी मी यावर बोललोय, माझे रोजचे संबंध आहेत, त्यांना वाईट म्हणायला हे पत्र लिहीत नाही. एक जण म्हणाला, "भाऊ, एवढा टाइम कोणाजवळ आहे, सीझनमध्ये गिऱ्हाईक डोक्यावर उभं राहते, आजच पाहिजे म्हणते." अडचण खरी आहे. पण टेस्ट रात्री लागते, शटर पाडायच्या आधी पेन ड्राइव्ह लावायचा आणि सकाळी स्क्रीन बघायची, एका पीसीला रात्रभरात साधारण एक युनिट लाइट जाते. आणि परत आलेल्या पीसीवर जे फॉरमॅट मारण्यात तास जातात, गिऱ्हाइकाशी वाद होतो, त्या हिशोबाने तर दुकानाचाच फायदा आहे. गिऱ्हाइकानेही आजच पाहिजे हा हट्ट सोडावा. बाहेरगावच्यांनी फोनवर ऑर्डर देऊन दुसऱ्या दिवशी न्यायला यावं म्हणजे फेरी एकच पडेल. कॉलेजं आणि सरकारी कार्यालयं लॅबसाठी एकदम असेंबल पीसी घेतात, त्यांच्या टेंडरमध्ये ही एक अट टाकली, की प्रत्येक पीसीसोबत टेस्टचा स्क्रीनशॉट आणि रॅमचे नंबर जोडावेत, तर बाकी बाजार आपोआप त्या वाटेला लागेल असं मला वाटतं.

शहरातल्या कॉम्प्युटर विक्रेत्यांच्या संघटनेने यावर विचार करावा, चिठ्ठीचा एक साधा नमुना ठरवावा आणि येत्या जूनच्या सीझनआधी तो दुकानादुकानात पोचवावा ही विनंती. जे कोणी आधीच असं करत असतील त्यांनी आपल्या पेपरातून कळवावं, मी स्वतः माझ्याकडे येणारी गिऱ्हाइकं त्यांच्याकडे पाठवीन.

आपला,
एक वाचक
मानेवाडा, नागपूर